आभाराची पाटी

पडदा म्हणजे एक जुनं शीड, चुन्याने पांढरं केलेलं.
विजयदुर्गात जेटीवर, तांबळडेगला जाळी सुकवायच्या खांबांना,
आचऱ्यात लिलावाच्या शेडमध्ये.
संस्था डिझेलचे पैसे देते, मी सिनेमा दाखवतो,
मुली नेऊन विकणाऱ्यांचा, प्रबोधनाचा.
रात्री मतलई सुटते, पडदा समुद्राकडे फुगतो,
नायिकेचा गाल फुगतो, दलालाची मिशी फुगते,
पोरं हसतात. हसू देतो.

दलाल बघताक्षणी दलाल वाटतो.
सोन्याचा दात, गळ्यात साखळी, तो आला की ढोल.
लोक शिव्या घालतात, कुणीतरी चप्पल भिरकावतं,
आणि घरी जाताना सगळ्यांना हलकं वाटतं
की असा कोणी आपल्या वाडीत नाही.

जयवंती खवणेकर पहिल्यांदा आली तांबळडेगला.
टोपली पायाशी ठेवून मागे उभी.
एकेचाळिसाव्या मिनिटाला टेम्पो येतो,
ताडपत्रीखाली सात मुली.
नायिका मधोमध, तिच्यावर उजेड.
उजेडाच्या कडेला एक, निळ्या ओढणीची.
कॅमेऱ्याकडे बघू नकोस म्हणून सांगितलं असणार.
ती बघते.
तीन सेकंद.

"ता माजा चेडू," जयवंती म्हणाली.
कुणाला उद्देशून नाही.

शूटिंग इथलंच, बर्फाच्या कारखान्यामागे.
मासळी सुकवणाऱ्या मुली घेतल्या होत्या,
दिवसाला चारशे आणि वडापाव.
हेमांगीला रडणं काही जमेना म्हणे,
हसूच फुटायचं. पाच वेळा घ्यावं लागलं.
पुढच्या शिमग्यानंतर ती गोव्याला गेली, पार्लरच्या कामाला.
आधी दर रविवारी फोन. मग एक रविवार सोडून.
मग हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगायला लागली,
मराठीत, हिंदीत, शेवटी इंग्रजीत.
जयवंती तिन्ही ऐकून घेते.

आता ती येतेच. आचऱ्याला आली, सर्जेकोटला आली,
निवतीला रिक्षाचे दीडशे मोजून आली.
बाकीचा सिनेमा ती बघत नाही.
सुंगटं सोलायला बसावं तशी खाली मान घालून बसते,
टेम्पो आला की उठून पडद्याला बोट लावते.
"मागे घी मरे, झिला. आनी एकदा."
मी मागे घेतो.
लोक ओरडतात, पुढे चल, पुढे चल,
त्यांना नायिका सुटायला हवी असते.
सुटतेच ती, पोलिसांच्या गाडीत, ब्लँकेट पांघरून.
टेम्पोतल्या बाकी सहा जणींचं काय
ते सिनेमाला माहीत नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.

निवतीला लोक उठले, खुर्च्या वाजल्या,
नावं वर सरकू लागली. ती गेली नाही.
"ह्यात तेचा नाव आसतला मा?
माका वाचूक येणा नाय. तू वाच."

कॅमेरा कुणाचा. जेवण कुणाचं. जनरेटर कुठला.
नायिकेची वेणी कुणी घातली.
मग आभाराची पाटी:
ग्रामपंचायत, बर्फ कारखाना,
आणि स्थानिक मुली उपलब्ध करून दिल्याबद्दल
श्री. नंदकिशोर धामापूरकर.

तेवीस गावांत हे नाव माझ्यासमोरून सरकलंय.
त्याच वेळी मी केबल गुंडाळायला घेतो.

"नंदू?" ती म्हणाली.
"पार्लरचा काम तेनाच बघून दिल्यान."
टोपली उचलली, चुंबळ नीट केली.
"आनी तेचा नाव?"
नाही, म्हणालो.
"परत वाच."

परत वाचलं, सावकाश, सगळी नावं.
माईक चालू राहिला होता की मी ठेवला होता
ते अजूनही मला नक्की सांगता येत नाही.
टपरीपाशी चहा पीत उभी असलेली माणसं वळली.
एकाने कप खाली ठेवला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक डाग आहे,
बांगड्याच्या तेलाचा, बोटाएवढा.
दर गावात नायिका त्यातून चालत जाते.
धुऊन घ्या तो, संस्थेच्या मॅडम म्हणतात.
हो म्हणतो.